पाणी न पिता गेलेली पाहुणी

"घ्या ना. फिल्टरचं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

सुचित्रानं ग्लास ओठांपर्यंत नेला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तो तसाच ट्रेमध्ये परत ठेवला. "राहू द्या. घसा दुखतोय जरा."

शिरवणे गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात चांगुणाबाई ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. सुचित्राचा मुलगा शौनक आणि चांगुणाबाईंची नात क्रांती एकाच ऑफिसात कामाला. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं आणि मुलाची आई आज पहिल्यांदा मुलीच्या घरी आली होती. पोह्यांनाही तिनं हात लावला नाही. मान इकडची तिकडे न करता बसली आणि थोड्याच वेळात उठून गेली.

चांगुणाबाई जालन्याकडच्या. महापालिकेच्या शाळेत आया म्हणून राबता राबता म्हाताऱ्या झाल्या. असली कारणं त्यांनी जन्मभर ऐकली होती. कुणाचा उपास, कुणाचं पित्त, कुणी आत्ताच चहा घेऊन आलेलं. जातीचं नाव कुणी काढत नाही, फक्त पाणी पीत नाही. शाळेतल्या एका बाईंनी तर यांच्या हातचं नको म्हणून निवृत्त होईपर्यंत घरून बाटली आणली.

"नको करू हे लगीन," त्या क्रांतीला म्हणाल्या. "जल्मभर घसा दुखंल त्यांचा."

क्रांतीनं पोह्यांची बशी उचलून आत नेली. आजीचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

दोन दिवसांनी शौनक दारात उभा. चेहरा उतरलेला.

"आजी, आईला वाशीला ॲडमिट केलंय. थुंकीसुद्धा गिळता येत नाहीये तिला. आधी डॉक्टर म्हणाले, आत पू झालाय, ऑपरेशन लागेल. मग स्कॅनमध्ये कळलं, मानेच्या मणक्यापुढच्या स्नायूत कॅल्शियम साठलंय, त्याची सूज आहे. गोळ्यांनी जाईल आठवड्या-दोन आठवड्यांत. पण आत्ता खूप दुखतंय."

उपास झाला, पित्त झालं, आता कॅल्शियम! चांगुणाबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. तरी त्यांनी चपला पायात सरकवल्या. खोटं पकडायलाच निघाल्या होत्या त्या, लपवायचं कशाला?

हॉस्पिटलात सुचित्रा उशांना टेकून बसली होती. दाराकडे बघायचं तर मान न वळवता अख्खं अंग वळवत होती. लाळ कागदी कपात थुंकत होती आणि चुकून आवंढा गिळला गेला की डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. वर्गातल्या पोरांची पोटदुखीची सोंगं चांगुणाबाईंनी उभ्या नोकरीत पाहिली होती. हे सोंग नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शौनक औषधं आणायला खाली गेला.

"मला वाटलं, तुमी आमचं पानी..." चांगुणाबाई म्हणू लागल्या.

सुचित्रानं हातानं थांबवलं. "दुखत होतं हे खरं. आदल्या दिवसापासूनच. येणं पुढं ढकललं असतं तर टाळतेय असं वाटलं असतं, म्हणून तशीच आले." ती थांबली, कपात थुंकली. "पण आजी, ग्लास हातात घेतला ना, तेव्हा दुखतंय याचं मला बरंच वाटलं. सुटले, असं वाटलं. दुखत नसतं तर प्यायले असते का, माझं मलाच सांगता येत नाही."

खरं तर चांगुणाबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. इतक्या लोकांनी इतकी कारणं दिली, पण आजवर एकानंही हे तोंडावर सांगितलं नव्हतं.

"बऱ्या व्हा आदी," त्या म्हणाल्या. "मंग कळंल. तुमाला बी आन् मला बी."

सुचित्रानं डोळे मिटले.

क्रांतीचा फोन आला तशा चांगुणाबाई पॅसेजमध्ये आल्या.

"आजी, खरंच आजारी आहेत ना? मुद्दाम नव्हतं ना केलं?"

चांगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"आजार खरा हाय," त्या म्हणाल्या. "बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐक. तू ये हिकडं. तवर मी बसते त्यांच्यापाशी."

आणि त्या परत आत गेल्या.