गिरीश आत आहे का

"माणूस गिळून बसलात तुम्ही. आणि वर मलाच विचारता, तू कोण?"

सुलेखाने हे मराठीत सुनावलं, कारण फोनवर होल्डचं संगीत वाजत होतं. तुरुंगातली बाई लाइनवर परत आली, तशी तिने भाजीखालचा गॅस बंद केला आणि इंग्रजी पुढे केलं. नाव गिरीश. शुक्रवारी गॉलवेच्या कोर्टातून नेलंय. मी त्याची वहिनी, म्हणजे भावाची बायको. नावनला राहते.

"तो आमच्याकडे आहे किंवा नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नाही, लव्ह."

"हा तिसरा तुरुंग. तिघांचं वाक्य एकच. पाठ करून घेतात का तुमच्याकडून?"

टेक्ससच्या मावसभावाने तिला तिथली एक वेबसाइट पाठवली होती. आडनाव टाकलं की कैदी हजर, फोटोसकट. ती बघून सुलेखाला किळस आली होती आणि हेवाही वाटला होता. इथे आयर्लंडमध्ये कोर्टाच्या यादीत पुढची तारीख मिळाली. पेपरात चार ओळी मिळाल्या: दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप, सायकलवरचा म्हातारा गेला, जामीन नाही. म्हणजे आरोप सगळ्या देशाने वाचायचा, आणि माणूस कुठे ठेवलाय ते घरच्यांना सांगायचं नाही. कुणाची अब्रू राखतात हे लोक?

गॉलवेला धडकावं, तर लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या पलीकडे गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाड्या परत फिरवत होते. नागपूरला सासूबाईंना सांगितलं होतं, गिरीशला कोविड झालाय, वॉर्डात फोन चालत नाही. त्यांनी सोमवार धरले होते. सकाळीच म्हणाल्या, नर्सच्या पाया पड, पण एकदा त्याचा चेहरा दाखव.

डायनिंग टेबलावरून तिच्या नवऱ्याने, नंदकुमारने, हेडफोन जरा बाजूला केला. ऑफिसची मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद.

"माझं नाव देऊ नकोस हं. सिटिझनशिपची फाइल सरकारकडे आहे."

"भाऊ कुणाचा आहे?"

"म्हणून तर सांगतोय."

फोनवरच्या बाईने आवाज खाली आणला.

"हे तुमच्या माणसाबद्दल नाही, एकूण सांगते. आत आलेला माणूस घरच्यांचे नंबर देतो. आम्ही त्या नंबरवर फोन करतो, याचे फोन आलेले चालतील का, म्हणून विचारतो. हो म्हणाले, तर तो बोलू शकतो. नको म्हणाले, तर नंबर काढून टाकतो."

"मला कुणी विचारलं नाही."

"त्याला तुमचा नंबर पाठ आहे?"

गिरीशला एकच नंबर पाठ होता. दादाचा. त्यावरून तिने किती चिडवलं होतं त्याला. लग्न कर, भावजी, मग बघते बायकोचा पाठ होतो का.

"घरात विचारून बघा," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नंदकुमारने हेडफोन काढला होता. स्वच्छच असलेलं टेबल तो तळहाताने पुसत होता. सुलेखा त्याच्यासमोर बसली आणि तिने लॅपटॉपचं झाकण खाली दाबलं. आतला बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबला.

"मीटिंग चालली आहे, सुलू."

"शनिवारी फोन आला आणि तू मागच्या अंगणात गेलास. पावसात. स्वेटर न घालता."

"ते फक्त विचारत होते."

"काय विचारत होते ते मला आत्ता कळलंय."

त्याने लॅपटॉपकडे हात नेला. तिने झाकणावरचा हात काढला नाही.

"तू काय म्हणालास?"