बर्फ न पाहिलेली पिशवी

मी एक पिशवी आहे. नाक मुरडू नका, भाजीची नव्हे; माणूस आत शिरून गळ्यापर्यंत झाकून झोपेल अशी साडेसहा फूट लांब पिशवी. देऊळघाटच्या इंद्रभान टेलरनं मला शिवलं ते हिमाचलच्या बर्फात जाण्यासाठी. मी मात्र अजून गावाची शीवही ओलांडलेली नाही.

माझ्या पोटात घरचा कापूस आहे, पहिल्या वेचणीचा. इंद्रभानच्या बायकोनं, बनाबाईनं, तो निवडून वेगळा ठेवला होता. अंगावरचं निळं कापड शाळेच्या गणवेशातून उरलेलं. एवढी लांब चेन कुठं मिळेना, म्हणून दोन जॅकेटांच्या चेनी जोडल्या. जोडावर ती जरा अडकायची. "वापरून वापरून गुळगुळीत होते," असं म्हणून इंद्रभाननं तिच्यावर मेण घासलं.

हा सगळा खटाटोप त्याच्या मुलीसाठी, सारिकासाठी. विहारातल्या युवक मंडळाच्या अकरा जणांनी बर्फातल्या शिबिराला जायचं ठरवलं होतं. त्यांच्यापैकी कुणीही रसवंतीवरच्या लादीपलीकडे बर्फ पाहिलेला नव्हता! मंडळाचा म्होरक्या संघर्ष. पण याद्या करणं, मलकापूरहून रेल्वेची तिकिटं काढणं, ज्याचे-त्याचे आईबाप राजी करणं, हे सारं सारिकाच्या डोक्यावर. स्वतःच्या बापापुढे मात्र तिची डाळ शिजत नव्हती.

शिबिराचा अर्ज तिनं माझ्यावरच पालथी पडून भरला. वयाची अट होती अठरा ते पंचवीस. "माय, मार्चात मले सव्वीस पुरे होतेत," ती आईला हळूच म्हणाली. "औंदा गेली त गेली." दुकानात मशीनचा खडखडाट चालू होता. इंद्रभानच्या कानावर ते गेलं नाही.

इंद्रभान राजी झाला होता तो एकाच अटीवर, त्यातूनच मी शिवली गेले. "म्या शिवलेल्या पिशवीत झोपशीन, त जाय."

शिबिराच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, सुती काही आणू नका. सारिकानं वाचून दाखवलं तेव्हा बापलेक दोघंही हसले. "कापूस नको म्हंते!" इंद्रभान म्हणाला. "साऱ्या वऱ्हाडाले पुरते, तो पहाडाले काय कमी पडन?" मीही मनातल्या मनात फुगले. कापसाच्या मुलखात जन्मलेल्या पिशवीला दुसरं काय सुचणार? ती सूचना शहरातल्यांचे चोचले समजून आम्ही सोडून दिली. त्या हसण्यात मी सामील होते, याची मला आजही लाज वाटते.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात रंगीत तालीम ठरली. बुलढाण्याच्या कारखान्यातून बर्फाच्या चार लाद्या ऑटोत घालून आणल्या. वरचा भुसा झाडून त्या शेजारी शेजारी मांडल्या. ज्यानं-त्यानं अर्धा तास झोपून पाहायचं. पहिला मान सारिकाचा. इंद्रभान इस्त्रीचा सदरा घालून आला होता, खिशात नेहमीची कात्री.

पहिली दहा मिनिटं मी छान लढले. "कसं वाटून राह्यलं?" संघर्षनं विचारलं. "घरच्यासारखं!" सारिका हसत म्हणाली. इंद्रभाननं चारचौघांकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा तो आनंद मी विसरू शकत नाही.

मग लादी पाझरू लागली. कापसाला पाणी दिसलं की त्याला आवरता येत नाही. मी पीत गेले. पाठ भिजली, कुशी भिजल्या, मी दगडासारखी जड झाले. सारिकाचे दात वाजू लागले. तिनं चेन ओढली, ती नेमकी जोडावर अडकली. संघर्षनं ओढली, हलेना. तिचे ओठ काळेनिळे पडले तसा इंद्रभान धावत आला आणि त्यानं कात्रीनं मला छातीपासून गुडघ्यापर्यंत टरकावलं.

ते दुखलं नाही. दुखलं ते पुढचं.

"काका, तिथं शिबिरवाले त्याईच्या पिशव्या देतेत," संघर्ष काकुळतीला येऊन सांगत होता. "हिच्यात कोनी झोपनार नाही."

"मले नको सांगू," इंद्रभान म्हणाला. "इथं पाच पावलावर घर हाय, तरी पोरगी अशी झाली. तिथं कात्री घेऊन कोन धावन?"

सारिका दोन दिवस रडली, मग रडायची थांबली. बनाबाईनं मला घराच्या टिनाच्या छपरावर वाळत घातलं. तिथून मी जानेवारीत दहा जणांना गाडीत बसताना पाहिलं. सारिकानं आपली लोकरीची टोपी मैत्रिणीला, मंजुश्रीला, दिली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.

पंधरा दिवसांनी मंजुश्री टोपी परत करायला आली. इंद्रभाननं मशीन थांबवली. "कसा असते वं तो बर्फ?"

"काका, आपल्या लादीसारखा नसतेच तो! कोरडा असते, पिठासारखा. आंगावर पडला त झटकून टाकाचा. तिथं एवढी थंडी, पाझरते कुठं?" तिनं फोनमधले फोटो दाखवले. दहाही जण हसत होते. "पिशव्या बी लय गरम होत्या त्याईच्या."

इंद्रभान एकेक फोटो बोटानं मोठा करून पाहत राहिला. ती गेल्यावर त्यानं मला खाली काढलं, माझी चीर उलगडली आणि सारिकाला हाक मारली. "म्हंजे खोट लादीत होती, बाई. आपल्या गावच्या उनात." मग त्यानं विचारलं, "पुढच्या साली जाशीन ना?"

सारिकानं माझ्याकडे पाहिलं. अर्ज माझ्यावर भरलेला होता. मला वाटलं, आता वयाचं सांगेल.

"हाव बाबा," ती म्हणाली. "जाईन."

तेव्हापासून मी दुकानातच आहे. इंद्रभाननं माझी चीर शिवली, टाका इतका बारीक की शोधून सापडणार नाही. अकोल्याहून त्यानं सलग लांब चेन मागवली. आता तो मला ताडपत्रीचं अस्तर लावतोय, रोज दुपारी वीतभर. सुईत दोरा सारिका ओवून देते. मार्चमध्ये तिला सव्वीस पूर्ण झाली. बनाबाईनं खीर केली आणि त्यानं दोनदा मागून खाल्ली.

कधी देऊळघाटला आलात, काही उसवलेलं घेऊन त्याच्या दुकानात शिरलात, तर तो मला उलगडून दाखवेल. "पोरीसाठी हाय, औंदा बर्फात जाते ती," असं सांगेल. तुम्ही चेन वरखाली करून बघा, आता ती कुठं अडकत नाही. शिवण चांगली आहे म्हणा. वयाचं तेवढं काही बोलू नका.