जमनीबाईची हजेरी

मी बाबाराव. महागावच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षांपासून कारकून आहो. इतक्या वर्षांत माझं डोकं फिरलं नाही, म्हणून विद्यापीठानं यंदा ऑनर्स पाठवलं. म्हणजे पदवीचं चौथं वर्ष. समाजशास्त्राले मंजूर जागा साठ, भरली एक.

त्या एकीचं नाव रंजिता. जवळच्याच तांड्यावरची. एकटी असली तरी वर्ग तो वर्गच. वर्गप्रतिनिधीची निवडणूक झाली, ती बिनविरोध निवडून आली. चाचणीत पहिली आली म्हणून तिचा सत्कार झाला, अन् शेवटची आली म्हणून त्याच दिवशी तिले जादा तासाचं पत्र गेलं. दोन्ही कागद मीच टाइप केले. नियम हाये, मी काय करू?

मग एक दिवस तिचा बाप हरिसिंग ऑफिसात आला अन् म्हणाला, पोरीचा दाखला द्या. एक पोट्टी अन् एक मास्तर, याले वर्ग म्हणत नाही. सोबतीण भेटली तर शिकंल, नाही तर सोमवारी दाखला घेऊन घरी. रंजिता दारातच उभी होती, डोळे भरून आलते. मले त्याचा राग आला, अन् त्याचं म्हणणं खोटं नव्हतं याचा त्याहून जास्त. मी म्हटलं, शुक्रवारी गटचर्चेची परीक्षा हाये, पन्नास मार्कांची, तेवढी होऊ दे.

आता गटचर्चेले कमीत कमी पाच जण पाहिजे. आमच्या प्राचार्य साधना मॅडमनं विद्यापीठाले विचारलं, एकटीचा गट कसा करावा? उत्तर आलं, गट जमवावा. मग जमवला. रंजिता, हरिसिंग, माय कोकिळा, आजी जमनीबाई अन् तांड्याचे नायक धावजी. कम्प्युटर रोल नंबरबिगर नाव घेत नाही, म्हणून चौघांनाही नंबर देऊन टाकले. इथंच मी माती खाल्ली.

विषय होता, ग्रामीण मुलींचं उच्च शिक्षण. वेळ वीस मिनिटं. पण धावजी नायकानं विषय ऐकला, पागोटं नीट केलं अन् सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवलं. त्याच्या हिशोबानं ही नसाब होती, तांड्याची न्यायाची बैठक. नसाब बसली का निकाल लागेपर्यंत उठत नाही, अन् नायकानं विचारल्याशिवाय लेकराबाळांनी तोंड उघडायचं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकानं घड्याळ दाखवलं तर नायकानं त्यालेही खाली बसवलं.

दीड तास झाला. हरिसिंगनं आपलं गाऱ्हाणं मांडलं. जमनीबाईनं त्याले उभा-आडवा घेतला. तू सातवीत तीनदा बसला, म्हणे, तवा वर्गात किती पोट्टे हायेत हे मी मोजाले आलती का? परीक्षक धडाधड मार्क लिहून राह्यला. मुद्देसूद विरोध, दहापैकी दहा. अन् जिची परीक्षा ती रंजिता खाली मान घालून गप. बोलली नाही तर शून्य, अन् थोरांपुढं बोलायचं नाही ही घरची शिकवण. साधना मॅडम खुणा करून करून थकल्या.

शेवटी नायक तिच्याकडे वळला. "पोरी, तुले काय पाहिजे?"

"मलेबी एकटीले आवडत नाही, नायक," ती म्हणाली. "सर हजेरी घेतात, मी येस सर म्हणते, अन् दररोज मागं वळून पाहते, अजून कोणी म्हणते का म्हणून. पण मले शिकायचं हाये."

 परीक्षकानं पेन खाली ठेवला. हरिसिंग मात्र हटला नाही. सोबतीण दाखवा, नाही तर सोमवारी दाखला. नायकानंही तेच कायम केलं.

शनिवारी निकाल. रंजिता एकतीस, पास. जमनीबाई सेहेचाळीस, वर्गात पहिली. अन् कम्प्युटरनं लगेच त्या चौघांच्याही नावानं एकेक कागद काढला. जमनीबाईचा असा: रोल नंबर चार, जमनीबाई, हजेरी शून्य टक्के, पालकासह समक्ष हजर राहून हमीपत्र द्यावं. साधना मॅडम म्हणाल्या, बाबाराव, फाडून टाका ते कागद. मी म्हटलं, तिघांचे फाडतो, जमनीबाईचा आता फाडता येत नाही, जावक क्रमांक पडला. कम्प्युटरवर काय पाहिजे ते ढकलता येते, पण तो क्रमांक मी माझ्या हातानं टाकला, अन् पाहून-समजून टाकला.

सोमवारी हरिसिंग दाखल्यासाठी आला. मी त्याच्यापुढं दाखल्याच्या ऐवजी हमीपत्र ठेवलं. माझी पाल्य जमनीबाई यापुढे दररोज वर्गात हजर राहील, खाली पालकाची सही. त्यानं तीनदा वाचलं.

"बाबाराव, हे माझी माय हाये."

मागं जमनीबाई उभी होती, नवीन लुगडं नेसून, हातात रंजिताची जुनी वही. "कर सही," ती म्हणाली. "तुझ्या शाळेत मी किती खेपा अंगठा देल्ला, ध्यानात हाये ना?"

 हरिसिंगनं माझाच पेन मागितला अन् सही केली. दाखल्याचं नाव काढलं नाही.

अकराच्या तासाले मी मुद्दाम फाइल घेऊन त्या वर्गावरून गेलो. सर हजेरी घेऊन राह्यले होते. रंजिता येस सर म्हणाली, अन् सवयीनं मागं वळली.

"हाये," मागच्या बाकावरून जमनीबाई म्हणाली.