टोळवाली तुरफा

"अगं, कुरवाळतेस काय त्याला? टाक पोत्यात," तुरफा सुनेवर खेकसली. "ऊन वर आलं की तुझ्या डोळ्यांदेखत उडून जातील."

हैलाने डोळे मिटून मूठभर टोळ झुडपावरून ओरबाडले आणि पोत्यात टाकले. तिचं हे सासरचं पहिलंच वर्ष. तिच्या माहेरी लोक टोळ आवडीने खात, पण विकत आणून.

नुकतं उजाडलं होतं. वाळवंटातल्या उनैझा गावाच्या दक्षिणेचा सगळा माळ पिवळा दिसत होता. आदल्या संध्याकाळी उतरलेली धाड रात्रीच्या गारठ्याने आखडून झुडपाझुडपाला लटकली होती. गावातल्या बायाबापड्या वाकून वाकून पोती भरत होत्या आणि त्यांच्यामधून तुरफा फिरत होती. बुरख्यातून फक्त तिचा आवाज आणि दोन राकट हात तेवढे बाहेर.

"पिवळ्या माद्या आधी उचला. अंडी घालायला जमिनीत शेपूट खुपसण्याच्या आत. आज एक मादी सोडलीत तर महिन्याभराने तिची पिल्लं तुमच्याच दारात चालत येतील."

माळाच्या कडेला जारल्ला या शेतकऱ्याची विहीर आणि हिरवागार गहू. धाड पिकात शिरू नये म्हणून त्याची सगळी माणसं बांधावर उभी राहून डबे बडवत होती, ओल्या पाल्याचा धूर करत होती. जारल्ला मधूनच येऊन तुरफाला म्हणाला, "उम्म दखील, जरा माझ्या बाजूच्या झुडपांकडेही लक्ष असू दे."

"तुझ्याच बाजूने सुरुवात केलीय. तुझं लक्ष कुठंय?"

दखीलची आई म्हणून ती उम्म दखील. दखील दूर दह्रानला तेलाच्या कंपनीत होता. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून तुरफा टोळांवर जगत आली. वेचायचे, मिठाच्या पाण्यात उकळायचे, गच्चीवर वाळवायचे आणि बाजारात बायकांच्या ओळीत बसून विकायचे. धाड आली की शेतकरी रडत आणि तुरफाच्या घरी चूल पेटे, असं लोक थट्टेने म्हणत. पण धाड आली की आधी बोलावणं तिलाच जाई, कारण तिने माळ रिकामा केला तर गहू वाचे.

देशाचे थोरले राजे वारले त्याच्या पुढच्या वसंतातली ही गोष्ट.

पोती भरत आली तेव्हा मिथनब गावाच्या वाटेने सरकारी मालमोटार आली. तिच्यातून सामी नावाचा एक तरुण उतरला. मदीनेचा होता, टोळनियंत्रणाच्या पथकाचा प्रमुख. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. त्याने सलाम केला, पोत्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे खायला?"

"मग काय पाळायला?"

बाया हसल्या. सामी हसला नाही. "हीच धाड चार दिवसांपूर्वी दक्षिणेच्या वादीत, कोरड्या ओढ्याच्या पात्रात, उतरली होती. आम्ही तिच्यावर विषारी पूड मारली. बरेचसे मेले. जे उडाले ते इकडे आलेत. हे खाऊ नका. विकू तर नकाच."

"परवाही आम्ही वेचलेत, पलीकडच्या टेकडीवर. उकळून वाळवलेसुद्धा. त्यांचं काय?"

"तेही त्याच धाडीचे असतील."

"यातल्या कुठल्या टोळाला तुझी पूड लागलीय आणि कुठल्याला नाही, ते कसं ओळखायचं?"

सामी म्हणाला, "नाही ओळखता येणार. मलाही नाही."

त्याने काही थाप मारली असती तर तुरफाने त्याला तिथेच उडवून लावलं असतं. पण त्याचं हे उत्तर तिला डाचलं. "मला ती जागा दाखव," ती म्हणाली. जारल्लाला तिने सोबत घेतलं आणि ती मालमोटारीच्या मागे चढून बसली.

वादीत टोळांचा नुसता सडा पडला होता. झाडांच्या बुंध्याशी ढीग साचले होते आणि सगळीकडे कुबट, बुरशीसारखा वास. तुरफा एका झुडपाशी थांबली. खाली चंडोल मरून पडला होता, पाय वर, चोचीत टोळाचा अर्धा तुकडा. थोडं पुढे आणखी दोन. तिने पायाने वाळू ओढून ते पक्षी झाकले.

परतताना जारल्ला म्हणाला, "पक्ष्याचा जीव तो केवढा! माणसाला काही होत नसेल."

"नसेल," तुरफा म्हणाली.

घरी येऊन ती गच्चीवर गेली. वाळवण खरपूस झालं होतं, लालसर. तिने ओंजळभर उचलून नाकाशी धरलं. मिठाचा वास, उन्हाचा वास. कुबटपणा कुठेच नव्हता. पण मिठाच्या पाण्यात उकळल्यावर कसला वास उरणार होता? तिने ओंजळ परत वाळवणावर टाकली. मग खाली हाक मारली, "हैला, कुदळ आण. आणि सकाळची पोतीही मागच्या अंगणात घे."

हैलाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती जिन्यातच आडवी उभी राहिली. "सासूबाई, काल आपण दोघींनी खाल्लेत. झालं का काही? त्या माणसाच्या एका शब्दावर उन्हाळ्याची बेगमी मातीत घालायची?"

"त्याच्या शब्दावर नाही. मी पाहून आलेय."

"बाजारातल्या बाकीच्या बाया विकणारच आहेत."

"विकू देत. त्यांच्याकडून घेणारी बाई आधी वास घेते, पारखते, घासाघीस करते. माझ्याकडे येणारी नुसतं भांडं पुढे करते."

हैला बाजूला झाली. दोघींनी मिळून मागच्या अंगणात खोल खड्डा खणला. उकळलेले, वाळवलेले, सकाळचे ताजे, सगळे आत गेले. ताज्या पोत्यांत अजून हालचाल होती. हैला माती लोटताना रडत होती, आणि तुरफाने तिला रडू दिलं.

पण आदल्या दिवशी बाजारात विकलेले टोळ लोकांच्या घरात होते. तुरफाने टोपलीत खजूर घेतला आणि ती दारोदार निघाली. टोळ परत घ्यायचे आणि तितकाच खजूर द्यायचा. काहींनी मुकाट्याने दिले. एका व्यापाऱ्याच्या बायकोने तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"आमच्या घरात आजोबा-पणजोबांपासून टोळ खातात, उम्म दखील. आता सरकार शिकवणार?"

"तुम्ही माझ्या हातचे म्हणून घेतलेत ना?"

"हो."

"मग आता माझाच हात खात्री देत नाही. आणा इकडे."

बाईने मडकं आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. खजूर मात्र घेतला नाही. तुरफाने तो उंबऱ्यावर ठेवला आणि पुढचं दार गाठलं.

शेवटचं घर अबू मुतलक यांचं. म्हातारे दोन्ही डोळ्यांनी आंधळे, एकटे राहणारे, आणि टोळांचे असे शौकीन की टोळाचा पाय मोडताना होणाऱ्या आवाजावरून नर की मादी ते सांगत. ते दारातच उन्हाला बसले होते.

"तुझी पावलं ओळखली," ते म्हणाले. "आणखी आणलेस काय?"

"न्यायला आलेय. कुठे आहेत?"

अबू मुतलकांनी पोटावर हात ठेवला. "इथे."

"सगळे?"

"कालपासून दुसरं काही खाल्लंच नाही."

तुरफा त्यांच्या शेजारी बसली. तिने सगळं सांगितलं, वादी, पूड, चंडोल.

"पोट दुखतंय?"

"दुखतंय. पण ते दुखलं नाही असा दिवस मला आठवत नाही."

ती उठून आत गेली, चूल पेटवून दूध तापवलं आणि त्यांना पाजलं. मग परत दाराशी येऊन बसली. दुपार झाली. अबू मुतलकांना एकदा ओकारी झाली. तिने जागा साफ केली, त्यांचं तोंड धुतलं, पुन्हा दूध दिलं.

"मी मेलो तर तुझ्या नावाला बट्टा लागेल, म्हणून बसलीस होय?" ते म्हणाले.

"त्यासाठीही. आणि तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही."

म्हातारे हसले, हसताना कण्हले. संध्याकाळची बांग झाली तेव्हा ते भिंतीला धरून उठले आणि मशिदीकडे निघाले. तुरफा थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागून गेली. ते पायऱ्या नीट चढले हे पाहिल्यावर घरी वळली.

महिन्याभराने पिल्लं निघाली. कितीही वेचलं तरी माद्या सुटल्याच होत्या. काळी, बिनपंखांची पिल्लं एकमेकांना चिकटून वाळूवरून सरकू लागली, जसा कुणी लांबलचक तंबू जमिनीवरून ओढत न्यावा. दूरच्या माळावर सामीच्या पथकाने विष कालवलेला कोंडा पसरला. तिथली पिल्लं तो खाऊन मेली. पण एक थवा जारल्लाच्या विहिरीच्या अंगाने येत होता, आणि तिथे गावाच्या शेळ्या चरत, पाणी पीत.

"इथे मी कोंडा टाकणार नाही," सामी म्हणाला. "पण मग गहू कसा राखायचा?"

"चर खणून," तुरफा म्हणाली. "आम्ही तसाच राखत आलोय. तुझ्या माणसांना फावडी दे."

थव्याच्या वाटेवर आडवा चर खणला गेला. अरुंद, खोल, कडा उभ्या तासलेल्या. उकरलेली वाळू पिकाच्या बाजूला रचली. ऊन तापलं तसा थवा चालू लागला. तुरफाने खजुरीच्या झावळ्या घेतलेल्या बाया दोन्ही अंगांना उभ्या केल्या.

"मारू नका, नुसतं हाका. शेळ्या हाकता तसं. घाई केलीत तर फुटतील."

झावळ्यांची सळसळ सुरू झाली. थवा आवळत आवळत चराशी आला आणि काळ्या पाण्यासारखा आत ओघळू लागला. "आता," तुरफा म्हणाली, आणि पलीकडून फावडी चालली. सामी कंबरेला झगा खोचून सगळ्यांच्या बरोबरीने वाळू लोटत होता. हैला सगळ्यांत पुढे होती. चुकार थवा डावीकडून निसटायला लागला तेव्हा कुणी सांगायच्या आत तिने धावत जाऊन झावळी आडवी धरली.

सूर्य कलेपर्यंत चर बुजला. जारल्लाच्या गव्हाच्या फक्त बांधावरच्या ओंब्या गेल्या. बाकीचा गहू त्या वर्षी खळ्यावर आला, आणि टोळ वेचून गहू राखणाऱ्या बायांचा वाटा नेहमीसारखा तुरफाच्या घरी पोचला.

गव्हाच्या दिवसांनंतर सामीचं पथक उत्तरेकडे निघालं. जायच्या आधी तो बाजारात आला. बायकांच्या ओळीत तुरफा तिच्या जागेवर बसली होती. पुढ्यात वाळलेली लिंबं, वेलची आणि हैलाने भाजलेल्या कलीजा, म्हणजे खजुराचा पाक भरलेल्या गोड पोळ्या. त्याने थोडी वेलची मागितली.

"मावशी, एक विचारू? इतके टोळ मारले मी, पण कधी खाल्ला नाही. आमच्याकडे पद्धत नाही. चव कशी असते?"

तुरफाने तराजू खाली ठेवला.

"पाऊस पडून गेल्यावर माळावर जे जे उगवतं ना," ती म्हणाली, "ते सगळं त्यानं खाल्लेलं असतं. तशी."

सामी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबला. तुरफाने वेलची पुडीत बांधली, दोन दाणे वरून घातले आणि पुडी त्याच्या हातात दिली.