परतीची नळी

विजेसाठी वाफ हवी म्हणून कंपनीने जमिनीत दोन किलोमीटर खोल भोक पाडलं आणि हाती लागलं बासष्ट अंशांचं पाणी. "एवढं खणून आंघोळीचं पाणी!" म्हणत कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हा नळजोडणी करणारे बाबा म्हणाले होते, "आंघोळीला चालतं, ते गावाला का नाही चालणार?" ते वीस वर्षं चाललं. फळं वाळवायची शेड, पुढे रोपवाटिका, टोकाला शाळा. एकाच नळीतून तिघांना ऊब मिळे.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि आठ दिवसांपासून शाळा गारठली होती. दुपारी समिती येणार होती. वर्ग गार निघाले तर कोळशाचा बंब परत येणार होता.

बाबांची मुलगी पंपघरात आली तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला मिस्त्री डोकं धरून बसला होता.

"ताई, विहीरच थंडावली. माणसाबरोबर गेली."

"विहिरीवर ढकलू नका, काका. झडपा किती उघड्या आहेत?"

"पूर्ण! ऊब कमी पडते म्हणून शेडवाले कुरकुरले. म्हटलं, बाबांच्या माघारी त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवायला नको. हात आखडता घेतला नाही."

बाबा रोज परतीच्या नळीला हाताची मागची बाजू लावत. "जाणारी नळी गरम असणारच, त्यात काय कौतुक? येणारी बघावी." तिने हात लावला आणि चटका बसला.

"ऊब वाटलीच जात नाहीये, काका. पाणी शेडमधून नुसतं पळत परत येतंय. शाळेपर्यंत पोचणार काय?"

तिने शेडची झडप बंद केली आणि अडीच फेरे उघडली. रोपवाटिकेची तीन. लहानपणी बाबा चाक फिरवत आणि फेरे मोजायचं काम तिचं असे.

"एवढीशीच?" मिस्त्री म्हणाला.

"पाण्याला चालू द्या, पळवू नका."

बोलून गेल्यावर वाक्य कुणाचं ते दोघांनाही कळलं. मिस्त्री उगाच पाना पुसत राहिला.

दुपारी शाळेत समितीच्या बाईंनी बोलता बोलता मफलर काढला, मग कोटही. बंबाचा विषय निघालाच नाही.

ती पुन्हा पंपघरात आली. दवाखान्यात शेवटी बाबांचा हात गार लागला होता. तेव्हापासून गार काही तिला धरवत नव्हतं. तिने नळीला हात टेकवला.

"काय म्हणते?" मिस्त्रीने विचारलं.

"गार आहे. सगळं देऊन आलंय."

तिने हात लगेच काढला नाही.