निळ्या काठाचं ताट

शेजारणीचं भांडं रिकामं परत करणारी बाई मला मुळीच आवडत नाही. आमच्या धुळ्याच्या गल्लीत कुणी वाटीभर कढी पाठवली, तर परत जाताना त्या वाटीत निदान गुळाचा खडा तरी पाहिजे. माझ्या आईची ही रीत, तीच माझी. त्या रीतीपायी मी अमेरिकेत काय घोळ घालून ठेवला, ते सांगते.

आमची लेक उत्पला पेनसिल्व्हेनियात राहते. तिला दिवस गेले म्हणून आम्ही दोघं मे महिन्यात तिकडे गेलो, मी आणि आमचे हे, यादवराव. ह्यांची सगळी नोकरी दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात गेली. निवृत्त झाले आणि माणूस जो सोफ्याला चिकटला तो चिकटलाच. हसणं नाही, बोलणं नाही, विचारलं तर "हूं". मला त्या "हूं"चा असा संताप यायचा! आणि रात्रंदिवस काळजीही तीच, की हा माणूस असाच विझून जातो की काय. तिकडे निघतानासुद्धा मला बजावलं, "एकदाच येईन. पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही."

लेकीचं घर झकास, पण लेक-जावई कामावर गेले की आजूबाजूला चिटपाखरू नाही. हे सोफ्यावर, मी खिडकीत. शेवटी कंटाळून एक दिवस पायात चपला सरकवल्या आणि चालत सुटले. वळण ओलांडलं की आमिश लोकांची शेतं लागतात. ही माणसं मोटार ठेवत नाहीत, घरात विजेची तार घेत नाहीत. घोडागाडीतून फिरतात आणि खेचरं जुंपून शेती करतात. तिथल्या एका फाटकाशी टेबल मांडून मिरियम बसायची, माझ्याच वयाची, डोक्याला पांढरी टोपी, अंगात लांब झगा. टेबलावर मध, स्ट्रॉबेरी आणि एक गोड पदार्थ. इनॅमलच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटात भाजलेली जाड खुसखुशीत पोळी, आत सारण. वर चिठ्ठी होती, ताट परत आणून द्या.

एक विकत घेतलं. घरी येऊन घास घेतला तर काय, सारण चक्क काकवीचं! अगं बाई, म्हटलं, ही तर आपलीच चव. दुसऱ्या दिवशी ताट घासूनपुसून, त्यात गरम दशम्या रचून मी तिच्यापुढे ठेवल्या. तिला वाटलं, ही बाई अदलाबदल करायला आली. तिने दशम्या काढून घेतल्या, ताटात शिगोशीग स्ट्रॉबेरी भरल्या आणि पैसे काही घेईना. झालं! ताट पुन्हा माझ्याच घरी.

मग मी मेथीच्या पुऱ्या नेल्या, तिने ताटातून पाव दिले. मी चकल्या नेल्या, तिने चेरी दिल्या. शेवटी हातवारे करत मी माझ्या इंग्रजीत तिला समजावलं, "नो एम्प्टी. माय मदर." तिला कळलं आणि ती खांदे गदागदा हलवत हसली. तिच्या घरी त्यांची जर्मन चालते, माझ्या घरी आपली अहिराणी, आणि मधल्या इंग्रजीत दोघीही कच्च्या. तरी आमचं कधी अडलं नाही. एकदा तिचा फोटो काढायला मी मोबाइल वर केला, तर तिने हळूच मान वळवली. त्यांच्या धर्मात चालत नाही. घरात फोनही नाही. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि आम्ही शेंगा सोलायला बसलो.

तिकडच्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात, मका डोक्याच्या वर गेला. मिरियमच्या मळ्यात वांगी धरली होती, आपल्यासारखी हिरवी नव्हेत, काळी. पण वांगं ते वांगं. भरताची वांगी आम्ही कापसाच्या काड्यांवर भाजतो, त्या तिकडे कुठून आणू? मग गोठ्यामागे गेल्या सालच्या मक्याच्या वाळक्या धाटांवरच वांगी भाजली, वरून शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण. भरताच्या वासाने ह्यांना सोफ्यावरून उठवून तिथवर आणलं! आले, पण घराकडे बघून तोंड वाकडं केलं आणि इंग्रजीत ऐकवलं, "विजेचा खांब दारासमोर, आणि घरात तार नाही? आम्ही काय उगाच जन्मभर कोळसा जाळला?" मिरियमचा नवरा अमोस शांतपणे म्हणाला, "आमचं चालतं." एवढं ह्यांना झोंबलं. सबंध उन्हाळा हे अमोसशी एक शब्द बोलले नाहीत.

पानं लाल झाली, मका कापून शेतात पेंढ्या उभ्या केल्या, आणि उत्पलाला मुलगी झाली. मिरियम घोडागाडी जुंपून बाळ बघायला आली. ताटात सफरचंदाचं गोड होतं. मी ताटातून डिंकाचे लाडू पाठवले. आम्ही व्हिसाची मुदत वाढवून घेतली आणि राहिलो.

जानेवारीत मात्र कहर झाला. बर्फाचा पाऊस पडला, तारा तुटल्या, सगळ्या वस्तीची वीज गेली. घर तापवणारं यंत्र बंद, आणि मांडीवर तान्हं बाळ. जन्मभर वीज केलेला माणूस बटणं दाबत घरभर फिरतोय, आणि बटणाला बिचाऱ्याची ओळखच नाही. माझ्या जिवाचं पाणी झालं. तेवढ्यात दाराशी टापा वाजल्या. अमोस! आम्हाला सगळ्यांना घोंगड्यांत गुंडाळून त्याने आपल्या घरी नेलं.

मिरियमच्या स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी धगधगत होती. बाळाचे गार पडलेले पाय मिरियमने हातात धरून चोळले आणि बाळ झोपलं. ह्यांची नजर शेगडीजवळच्या बादलीवर गेली. वाकले, आतला काळा तुकडा हातात घेतला, आणि ओरडले, "हाई तं दगडी कोयसा शे!"

अमोसने हसून फावडं पुढे केलं. मग काय, ह्यांनी राख काढली, हवेची झडप कमी-जास्त केली, कोळसा टाकला, आणि अमोसला अहिराणीत बॉयलर समजावून सांगायला लागले. अमोस जर्मनमधून माना डोलावत होता. दोघं दुपारभर शेगडीपुढे बसून खिदळत होते. ह्यांचं हसू मी किती दिवसांनी ऐकलं! मला रडू आवरेना. मिरियमने माझ्या हातात गरम दुधाचा पेला दिला.

वीज आली तरी हे रोज शेगडीला कोळसा घालायला जात राहिले. पण फेब्रुवारीत निघायची वेळ आली. ताट माझ्याकडे होतं. मी विचार केला, भरून दिलं तर ती भरून परत करणार, आणि घ्यायला मी कुठे असणार? फोटो नाही, फोन नाही, हे विमानाचं नाव काढू देणार नाहीत. हे इथेच मिटवलेलं बरं. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडं रिकामं घेऊन गेले. मिरियमने ताटात बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला पोटाशी धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुळ्याला आलो. बॅगा उघडायला घेतल्या तर हे माझ्यावर खेकसले, "माझ्या बॅगेला हात लावू नको!" मी कसली ऐकते? स्वेटरात गुंडाळलेलं काहीतरी कडक लागलं. सोडलं, तर निळा काठ! ताटात वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या, वरून फडकं घट्ट बांधलेलं.

"निघायच्या दिवशी तू बाळाला अंघोळ घालत होतीस, तेव्हा मिरियम आलती," हे म्हणाले. "गाडीतून उतरलीसुद्धा नाही. ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, नो एम्प्टी. माय मदर."

मी पदर डोळ्यांना लावला. हे चष्मा पुसत उभे होते, चांगले स्वच्छ होईपर्यंत.

"मार्चात अमोस नांगरट करतो," मग म्हणाले. "खेचरं जुंपून. तेवढी बघायची राहिली आपली. पुढच्या वर्षीच्या मार्चाचं तिकीट काढायला सांगतो उत्पलाला."

"आणि विमानाचं नाव काढायचं नाही, त्याचं काय झालं?"

"अगं, लोकांचं ताट घरात ठेवतात का?"