चार नंबरचा आकडा

कमरुद्दीनभाऊला निलंबनाचं पत्र मिळालं हे खुशालला कारखान्याच्या गेटवरच कळलं, आणि त्याच्या डोक्यात सणक गेली. टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळले नाहीत, निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं पत्रात लिहिलं होतं. माणूस भाजलेला हात उशीवर ठेवून घरी पडलाय, आणि यांनी त्याच्या दारात पत्र नेऊन दिलं!

नागभीडजवळच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, वाफेवर शिजवायच्या सहा टाक्या होत्या. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुंबईहून एक इंजिनिअर कॉम्प्युटर घेऊन आला. प्रत्येक टाकीवर एक यंत्र बसलं. कॉम्प्युटरनं तारेवरून नंबर पुकारायचा, त्या नंबरच्या यंत्रानं दाब सांगायचा, आणि त्या आकड्यावरून वाफ सोडायची की बंद करायची ते कॉम्प्युटरनं ठरवायचं. तारा ओढल्या त्या खुशालनं. तो मीटर-मेकॅनिक होता.

पाच टाक्या बोलू लागल्या. चार नंबरची मात्र तिची मोटार बंद असली की बोले, मोटार सुरू झाली की गप्प. मोटारीच्या केबलला चिकटूनच तिची तार नेली होती, त्यामुळे मोटार चालली की तारेतला निरोप बिघडे. आणि वाईट म्हणजे, यंत्र गप्प झालं तरी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राही.

"साहेब, तार वेगळ्या पाईपातून न्या लागते," खुशाल तेव्हाच म्हणाला होता.

"हप्त्याभरात करू. आज चालू म्हणून सही कर, मालक येताहेत," मॅनेजर म्हणाले. टाकीवरची दाब दाखवणारी जुनी काट्याची घड्याळंही त्यांनी त्याच दिवशी काढायला लावली. आता कॉम्प्युटर आहे ना!

खुशालनं सही केली. नवव्या दिवशी पडद्यावर चार नंबरचा दाब चार किलो दिसत होता, तो हलतच नव्हता. दाब पाच किलो व्हायला हवा म्हणून कॉम्प्युटर वाफ सोडत राहिला, आणि आतला खरा दाब वाढत गेला. टाकीच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं आणि शेजारी उभ्या, ती टाकी चालवणाऱ्या कमरुद्दीनच्या उजव्या हातावर वाफ आली.

खुशाल गेटवरून थेट कंट्रोल रूममध्ये गेला. मॅनेजर आणि इंजिनिअर तिथंच होते.

"कमरुद्दीनभाऊची काय चूक हाये?"

"बोल्ट ढिले होते," मॅनेजर म्हणाले. "पडद्यावर दाब चारच होता. सगळ्यांनी पाहिलंय."

खुशालनं पडदा पाहिला. चार नंबरच्या टाकीसमोर अजून चारच होते, आणि टाकी तर अपघातापासून रिकामी पडली होती, तिच्यावरचं यंत्रही वाफेनं बंद पडलं होतं! तो कॉम्प्युटरच्या मागं गेला आणि सगळ्या यंत्रांची तार हिसका देऊन उपटली.

"अरे, काय करतोस!" इंजिनिअर ओरडला.

"आता पाहा. तार माह्या हातात हाये. सहाच्या सहा टाक्या कायचा दाब सांगून राह्यल्या?"

सहाही आकडे जागच्या जागी होते. मॅनेजर इंजिनिअरकडे पाहू लागले.

"उत्तर आलं नाही तर तो शेवटचा आकडा ठेवतो," इंजिनिअर पुटपुटला. "रचनाच तशी आहे."

"मग माणसानं कसं समजावं का तो मेलेला आकडा हाये?"

"चालू म्हणून सही तुझी आहे, खुशाल," मॅनेजर थंडपणे म्हणाले.

"हो, माहीच हाये!" खुशालचा आवाज फाटला. "त्याची सजा मले द्या. पण तुमी काय म्हणले होते तेई मी लिहून देतो. त्याले काऊन?"

त्यानं तिथंच कागद मागितला आणि उभ्या उभ्या दोन पानं लिहिली. त्याची एक प्रत त्यानं युनियनच्या बापूरावांकडे दिली.

आठवड्याभरात पत्र मागं घेतलं गेलं. माफी कोणी मागितली नाही. तार वेगळ्या पाईपातून गेली, काट्याची घड्याळं परत बसली, आणि यंत्रानं उत्तर दिलं नाही की भोंगा वाजेल असा फेरबदल इंजिनिअरनं प्रोग्राममध्ये केला. दोन दिवसांचं काम होतं ते. खुशालला पंधरा दिवस घरी बसवलं. मॅनेजरला कोणी काही विचारलं नाही.

खुशाल कमरुद्दीनच्या घरी गेला, सहीचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"तुले मालूम होतं?" कमरुद्दीनच्या बायकोनं, खैरुननं विचारलं.

"होतं, भाभी."

"अन् आमाले एका शब्दानं नाई सांगितलं?"

तिनं खुशालला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती मलम घेऊन आली, नवऱ्याच्या हाताची पट्टी सोडू लागली. एकटीला ते जमेना.

"बसून काय राह्यला?" ती चिडून म्हणाली. "हात धर त्याचा. हळू."

खुशाल पुढं सरकला आणि त्यानं तो हात कोपराखाली दोन्ही तळव्यांवर धरला.